काळा पडदा, पांढरा पडदा

रबाळ्याच्या कंपनीत माझं काम बघण्याचं.
एकोणीस वर्षं.
इंजेक्शनची कुपी मानेला धरायची, हलकेच फिरवायची,
पाच सेकंद काळ्या पडद्यापुढे,
पाच सेकंद पांढऱ्या.
काळ्यापुढे काच चमकते,
पांढऱ्यापुढे केस उघडा पडतो, नाहीतर कापसाचा तंतू.
काही तरंगलं की लाल ट्रे.
नाही तरंगलं की पुढे,
कुणाच्या तरी दंडात.

त्या मंगळवारी
बेचाळीस कुप्या लाल ट्रेमध्ये गेल्या.
सगळ्यांत एकच कण:
अक्षरावरून निसटलेला रफार,
बघायला जावं तर खाली सरकणारा,
नजर थांबली की हळूच येऊन बसणारा.
हिंगे मॅडमनी बेचाळीसच्या बेचाळीस परत फिरवल्या.
"जयवंतीताई, नितळ आहेत सगळ्या."
मी मान वर केली.
तो छतावरही होता.
डब्यातल्या भातावर होता.
ठाणे-बेलापूर रोडवर, बसच्या काचेपलीकडच्या आभाळात
तर अगदी मालकासारखा.

नवरा म्हणाला, नंबर वाढला असेल.
शेजारीण म्हणाली, गुलाबपाणी.

वाशीच्या डॉक्टर कुरियननी थेंब घालून
बाहुली पार बशीएवढी केली, आत डोकावल्या.
"डोळ्यात जेली असते. लहानपणी कशी, घट्ट दही.
वय झालं की पाणी सुटतं, दह्याच्या गाठी होतात.
तुम्हाला दिसते ती गाठ नाही,
मागच्या पडद्यावर पडलेली तिची सावली.
पडदा चांगला आहे. औषध नको.
मेंदू शिकतो दुर्लक्ष करायला."
माझं पोट दुर्लक्ष न करण्यावर चालतं, डॉक्टर.
त्या हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या,
"पण ठिपके एकदम वाढले,
कडेला वीज चमकली,
बाजूने कुणी पडदा ओढतंय असं वाटलं,
तर अपॉइंटमेंट मागू नका. या.
त्याच दिवशी."

बाहेर उन्हाने डोळे फोडून काढले.
नवऱ्याचा दंड धरून घरी आले, आंधळ्यासारखी,
आणि विसरले.

दोन महिन्यांनी, शनिवारी संध्याकाळी,
घणसोलीच्या गॅलरीत कपडे काढताना
डाव्या कोपऱ्यात ठिणगी.
वाटलं, खाली वेल्डिंग चालू आहे.
डोळे मिटले.
वेल्डिंग चालूच.

मग काजळी आली.
खाडीकाठचं गवत पेटवल्यावर
वाऱ्याने अंगणात येते तशी,
फक्त ही माझ्या आत उडत होती.
सवयीने मोजायला लागले.
सव्वीसपर्यंत जमलं.
दुखलं नाही काहीच. दुखलं असतं
तर घरात कुणी तरी धावलं असतं.

"सोमवारी दाखवू," नवरा म्हणाला.
मी कपडे तसेच पलंगावर टाकले,
पर्स घेतली.

पडद्याला फट पडली होती,
घोड्याच्या नालेएवढी नाही, नालेच्या आकाराची.
डॉक्टरांनी त्याच रात्री हिरव्या उजेडाचे टाके घातले,
फाटक्या खिशाला शिंपी कडेने टीप मारतो तसे.
"पडदा सुटला असता तर मोठं ऑपरेशन,"
एवढंच म्हणाल्या, दिवा मालवत.

आता मी पॅकिंगला आहे.
खोकी मोजते. पगार तोच, खुर्ची वेगळी.
रफार गेला नाही. काजळीतले काही ठिपकेही राहिलेत,
पांढऱ्या खोक्यावर जरा जास्तच.
त्यांच्यासाठी लाल ट्रे नाही.
पास करते.

काल रात्री हिंगे मॅडमचा फोन.
"ताई, झोपले नव्हते ना तुम्ही?
मघापासून डोळ्यापुढे माशा उडतायत."
एक की खूप?
"खूप."
आज सुरू झालं?
"संध्याकाळी."
दिवा बंद करा. कडेला काही चमकतं?
पलीकडे खटका वाजला.
मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मॅडम, साडेनऊच वाजलेत.
सकाळ बिकाळ म्हणू नका.
चपला घाला.
मी रिक्षा घेऊन येते.